राणीच्या बागेत परत जा, पण सगळी बाग बघू नका

पत्र :

ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अडीचचा. मे महिन्यात एका रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो, घरातून निघतानाच उशीर झाला, पोचायला साडेबारा. पेंग्विनला ही भलीमोठी लाईन, वाघ झोपलेला, मुलगा कडेवरून खाली उतरेना आणि कडेवर घेतलं तरी रडायचं थांबेना, सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, आणि मिस्टर सगळ्यांसमोर ओरडले की यापुढे कुठेही नेणार नाही. येताना ट्रेनमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. आता नाताळच्या सुट्टीसाठी मुलगी परत मागे लागलीये, जावेचा आठ वर्षांचा मुलगा पण येतो म्हणतोय. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा मॉलमध्ये जाऊ, एसी तरी असतो. नणंद म्हणते प्राण्यांना कोंडून ठेवलेलं मुलांना दाखवूच नये. सासूबाई म्हणतात मी घरीच थांबते, पण चेहरा उतरलेला. जावं की नाही हेच कळत नाहीये.
– एक दमलेली आई, डोंबिवली

उत्तर :

अगं जा. मॉलबिल नको, एसी काय घरी पण लावता येतो.

मे महिना, रविवार आणि दुपारी साडेबारा, हे तीन एकत्र आले की कुठल्याही घरातली माणसं भांडतात, त्यात तुमच्या घराचं विशेष असं काही नाही. मुंबईच्या मे महिन्यात भर दुपारी वाघसुद्धा झोपतो, तुझे मिस्टर ओरडले यात नवल काय. (ओरडायला नको होतं हे आहेच, त्यांच्याकडे येते मी नंतर.)

तुझं पत्र वाचताना मला एक गोष्ट दिसली ती सांगते. तुम्ही सगळे त्या दिवशी "बाग बघायला" गेला होतात. म्हणजे मोठ्या माणसांच्या डोक्यात एक हिशोब असतो ना, की एवढ्या लांब आलोय, तिकीट काढलंय, तर आता पेंग्विन पण, वाघ पण, मगर पण, पाणघोडा पण, पक्षी पण, सगळं उरकूनच जाऊ. मुलांकडे हा हिशोबच नसतो गं. अडीच वर्षांच्या पोराला वाघ आणि नळाखाली पाणी पिणारा कावळा यात काही फरक वाटत नाही, उलट कावळा जवळ असतो आणि हलतो, म्हणून तोच जास्त आवडतो. तो तिथे रमलेला असताना आपण त्याला उचलतो, "चल चल वाघ बघायचाय ना", आणि तो जे भोकाड पसरतो ते वाघापर्यंत. वाघासमोर गेल्यावर वाघ झोपलेला. मग आपण म्हणतो याला प्राणी आवडतच नाहीत.

राणीची बाग पन्नासेक एकर आहे. सहा वर्षांच्या मुलीने ती एका दमात बघावी अशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे, मोठी माणसं पण थकतात. तर यावेळी एकच करा. आदल्या रात्री जेवताना मुलांना विचारा की तुम्हाला कोण बघायचंय, आणि प्रत्येकाने एकच प्राणी निवडायचा. मुलगी बहुतेक पेंग्विन म्हणेल, जावेचा मुलगा वाघ किंवा मगर म्हणेल, छोट्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या वाटचं त्याच्या आजीने निवडावं. झाले तीन. या तिघांकडे जायचं, वाटेत जे दिसेल ते बोनस, आणि बाराच्या सुमारास बाहेर. पाणघोडा राहिला तर राहिला, तो काही कुठे जात नाहीये. बाकीचे प्राणी पुढच्या वेळेला, ही बाग १८६२ पासून तिथेच आहे.

आता दिवस कुठला. बुधवारी बाग बंद असते हे तर माहीत असेलच, पण एक गंमत लक्षात ठेव, बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी असते आणि मग दुसऱ्या दिवशी बंद. यात बरेच लोक गंडतात, गुरुवारी मुलांना घेऊन गेटपर्यंत जातात आणि तिथून परत. २५ डिसेंबर ते १ जानेवारी चुकूनही जाऊ नका, त्या आठवड्यात अख्खी मुंबई तिथे असते आणि मुलांना प्राण्यांऐवजी लोकांच्या पाठी दिसतात. माझं ऐकशील तर जानेवारीतला एखादा साधा वार पकडा. हवा त्यातल्या त्यात थंड असते, गर्दी कमी, आणि पहिलीतल्या मुलीची एक दिवस शाळा बुडली म्हणून आभाळ कोसळत नाही. मिस्टरांना रजा टाकावी लागेल, टाकू देत, लोक लग्नाच्या हळदीला रजा टाकतात.

रविवारशिवाय जमतच नसेल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक बघून घ्या, मध्य रेल्वेचं तुला मी काय सांगू, डोंबिवलीकर आहेस. सकाळी लवकर जाताना सहसा त्रास होत नाही, पण दुपारी परतताना ब्लॉकमध्ये सापडलात तर दमलेल्या मुलांना घेऊन गर्दीच्या गाडीत उभं राहणं म्हणजे मे महिन्याचीच पुनरावृत्ती.

बाग साडेनऊला उघडते. साडेनऊला म्हणजे साडेनऊला तुम्ही गेटवर असलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. डोंबिवलीहून फास्ट पकडलीत तर भायखळ्याला तासाभरात पोचता, भायखळ्याला फास्ट थांबते, दादरला बदलायची भानगड नाही. पूर्वेला उतरायचं. तीन वर्षांखालच्याला तिकीट नाही, म्हणजे छोटा फुकट, मुलगी आणि पुतण्या अर्ध्या तिकिटात. आणि तुमच्या डोंबिवलीच्या सवयीने स्टेशनबाहेर रिक्षा शोधू नका, तिथे रिक्षा नाहीत, टॅक्सी किंवा बस. चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं, मुलांना घेऊन जरा जास्त. सासूबाईंसाठी टॅक्सी करा, जवळचं भाडं म्हणून एखादा नाही म्हणेल, दुसऱ्याला विचारा, परतीचं भाडं मिळतं तिथून त्यांना. पण ते दहा मिनिटांचं चालणं सासूबाईंच्या गुडघ्यांचं आतलं भांडवल खाऊन टाकतं, ते आत वापरू देत.

तिकीट ऑनलाईन पण काढता येतं, आदल्या दिवशीच काढून ठेवा. २०१७ ला दर वाढवले तेव्हा आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये ठरले होते, मॉलमधल्या त्या बॉलच्या खड्ड्यात एक मूल अर्धा तास सोडायला याहून जास्त घेतात. मिस्टरांना हे जरूर ऐकव.

आत गेल्या गेल्या पेंग्विन. बाकी कुठेही न थांबता सरळ पेंग्विन, कारण लाईन तिथेच लागते आणि साडेदहानंतर वाढतच जाते. मुलगी शाळेत पेंग्विनचं चित्र काढत असेल तर बर्फावर उभा असलेला काढत असेल, सगळीच मुलं काढतात, तिला जायच्या आधी सांग की आपल्याकडचे पेंग्विन बर्फातले नाहीत. हे हम्बोल्ट पेंग्विन, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिकडचा किनारा बराचसा वाळवंटासारखा कोरडा, फक्त समुद्राचं पाणी गार. म्हणून त्यांच्या काचेमागे बर्फ दिसत नाही, दगड आणि पाणी दिसतं, आणि आत १६ ते १८ डिग्री ठेवतात. हे माहीत नसलं की मुलं आत जाऊन विचारतात "बर्फ कुठे गेला?" आणि हिरमुसतात, माहीत असलं की तीच मुलं शेजारच्या काकांना शिकवायला लागतात. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या सोलहून आठ आणले होते, लोकांसाठी २०१७ च्या मार्चमध्ये खुले झाले, नंतर इथेच पिल्लं झाली. म्हणजे आत जे पोहतायत त्यातले बरेचसे जन्माने मुंबईकर, तेही भायखळ्याचे. हे वाक्य पुतण्याला देऊन टाक, आठ वर्षांच्या मुलाला असली वाक्यं फार आवडतात.

पुतण्यावरून आठवलं. त्याला काम दिलं नाहीस तर तो तुझ्या मुलीला चिडवत बसणार, या वयाची मुलं तेच करतात. त्याला गाईड कर. गेटवरच्या नकाशाचा फोटो काढून तुझा जुना मोबाईल त्याच्या हातात दे, आता कुठल्या बाजूला वळायचं ते तो सांगणार. चुकला तरी चुकू दे, चुकून तुम्ही मगरीकडे पोचाल एवढंच. आणि त्याला बजावून ठेव की काचेवर टकटक करायची नाही, कोणी करत असेल तर आपण जाऊन भांडायचं पण नाही, गार्डला सांगायचं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला त्रास देणं, चिडवणं, खायला टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, १९७२ चा कायदा, पण आपल्याकडे काचेवर थापा मारणारे बाबा लोकच जास्त असतात, मुलं त्यांचं बघून करतात. मला या लोकांचा भयंकर राग येतो, असो.

आता झोपलेला वाघ. यावर जरा सविस्तर लिहिते कारण तुमचा दिवस तिथेच बिघडला.

वाघ दिवसातले कितीतरी तास झोपतो, सिंह तर त्याहून जास्त, ते आजारी नसतात, कंटाळलेले असतात असंही दरवेळी नाही, मांजराच्या जातीचं ते वेळापत्रकच आहे. पहाटे आणि संध्याकाळी हिंडायचं, दुपारी पडून राहायचं. त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर उठलेला दिसायची शक्यता जास्त, तरी खात्री नाही, आणि ती खात्री मुलांना आधीच देऊन ठेवू नकोस. "आपण वाघाच्या घरी चाललोय, तो उठला असला तर भेटेल, झोपला असला तर आपण झोपलेला वाघ बघू" असं सांग. आणि झोपलेला असला तर पुढे पळू नका गं, उलट तीच संधी आहे, धावणाऱ्या वाघाचं काही नीट दिसत नाही. मुलांना शोधायला लावायचं. कानाच्या मागे पांढरा ठिपका असतो, तो दिसतोय का? शेपटीवर पट्टे किती? दोन वाघ दिसले तर दोघांच्या तोंडावरचे पट्टे सारखे आहेत का? (नसतात, प्रत्येक वाघाचे वेगळे.) पोट वरखाली होतंय का, पंजा हलतोय का? पाच मिनिटं नुसतं उभं राहिलात की काहीतरी हलतंच, कान तरी. आणि आजूबाजूचे लोक दहा सेकंद थांबून "झोपलाय रे, चल" म्हणत निघून जातात, म्हणजे जागा आपोआप मिळते.

मगरीचंही असंच. तासनतास दगड. तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली तर मुलं म्हणणार चिडलीये, चिडलेली नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकायला तोंड उघडं ठेवते. पाणघोडा दिसला तर तो बहुतेक पाण्यातच, कारण बाहेर उन्हात त्याची कातडी कोरडी पडते, तिच्यातून लालसर चिकट द्राव येतो, तो उन्हापासून सांभाळतो म्हणे त्याला, रक्त आल्यासारखं वाटतं पण रक्त नसतं. मुलांना असल्या घाणेरड्या गोष्टी सांगितल्या की ती विसरत नाहीत.

नणंदेचं बोलू. तिच्याशी भांडू नकोस, ती पूर्ण चुकीची नाहीये. आपण लहानपणी बघितलेली राणीची बाग आठव, गजांचे छोटे छोटे पिंजरे, त्यात येरझाऱ्या घालणारा प्राणी, तो वास. ते बघून आलेल्या माणसाला प्राणिसंग्रहालय नकोसं वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. आता बऱ्याच जागा मोठ्या झाल्यात, गजांऐवजी काच आलीये, आत झाडं, पाणी आहे, तरी ते जंगल नाही हे खरंच. पेंग्विनच्या वेळीही आठातला एक काही महिन्यांत गेला, तेव्हा शहरात केवढा वाद झाला होता. म्हणजे नणंदेचा प्रश्न खराच आहे.

पण मुलांना न नेल्याने तो प्रश्न सुटत नाही, फक्त आपल्या घरात तो कोणी विचारत नाही. तुझी मुलगी सहाची आहे, ती स्वतःच विचारेल की वाघाला घरी का जाऊ देत नाहीत. तेव्हा "अगं त्याला इथे आवडतं" असं खोटं सांगू नकोस. खरं सांग, की २०२० साली इथे वाघाची जोडी आली ती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून आली, ती जंगलातून पकडून आणलेली नव्हती, माणसांच्यातच वाढलेल्या वाघाला शिकार येत नाही, त्याला जंगलात सोडलं तर तो जगणार नाही. आणि त्याच्यापुढे ती म्हणाली की "मग असं वाढवायचंच कशाला?" तर तेव्हा म्हण की मलाही हा प्रश्न पडतो आणि आत्याला पण पडतो, घरी गेल्यावर आत्याला फोन करू. नणंदेला फोन येऊ दे. तिलाही बरं वाटेल आणि मुलीला पण कळेल की मोठ्यांचं या बाबतीत एकमत नाहीये, आणि तसं असलं तरी चालतं.

आणि कोंडलेलं दाखवायचं नसेल तर न कोंडलेलं पण त्याच बागेत भरपूर आहे, ते कोणी बघतच नाही. ती मुळात वनस्पती उद्यान आहे गं, तीन हजारांवर झाडं आहेत आत. मान वर करा. वटवाघळं लटकलेली असतात उंच झाडांवर, चांगली मोठी, फळं खाणारी, दिवसाढवळ्या पंख पसरून वारा घेत असतात आणि एकमेकांशी कचाकचा भांडत असतात, त्यांना कोणी आणलेलं नाही, ती आपणहून राहतात. रातबगळे पण तसेच, झाडावर मान आखडून बसलेले. गोरखचिंच शोधा, आफ्रिकेतलं झाड, खोड एवढं जाड की तिघं मुलं हात धरून उभी राहिली तरी पुरत नाहीत. कैलासपतीचं झाड दाखव, खोडातूनच फुलं आणि तोफेच्या गोळ्यांसारखी फळं, त्याच्याखाली उभं राहू नका मात्र. छोट्याला खाली सोड आणि पानं, शेंगा, बिया वेचू दे. त्याच्यासाठी ट्रिप म्हणजे तेवढंच आहे आणि तेवढं पुरेसं आहे. मागच्या वेळी तो कडेवरून उतरत नव्हता याचं कारण ऊन आणि गर्दी, सावलीत मोकळी जागा दिलीस तर उतरेल.

सासूबाईंना घरी ठेवू नका. चेहरा उतरला असं तू लिहिलंयस, म्हणजे तुला कळलंय, तुझ्या मिस्टरांना कळलं असेल असं नाही. त्या जर मुंबईतच लहानाच्या मोठ्या झाल्या असतील तर त्यांच्याकडे राणीच्या बागेच्या गोष्टी असणार, तेव्हा तिथे हत्तीवर बसवून फेरी मारायचे मुलांना, विचार त्यांना. मुलांना हे खरंच वाटत नाही की आजी हत्तीवर बसली होती. त्यांना सगळीकडे फिरवायचं नाही पण. पेंग्विन बघायला न्या सगळ्यांबरोबर, मग एखाद्या मोठ्या झाडाखालचा बाक बघून तिथे मुक्काम ठोका, त्या आणि छोटा तिथे बसतील, पिशव्या पण तिथेच, आणि तुमच्यातलं एक जण मोठ्या दोघांना घेऊन वाघाकडे जाऊन येईल. मग अदलाबदल. मागच्या वेळी तुम्ही पाचही जणं एकत्र चालत होतात, म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं आणि सगळ्यात अधीर असलेल्याने चिडायचं. मोठ्या कुटुंबाने कायम एकत्रच फिरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय.

बागेच्या आवारातच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला, काळ्या दगडाचा मोठा हत्ती उभा आहे, तिथेही आजीच हवी. हा घारापुरीचा हत्ती, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलायचा प्रयत्न केला आणि तो तुटला, मग ते तुकडे इथे आणले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून उभा केला. न्यायला गेले आणि तुटला, ही गोष्ट मुलांना आजीच्या तोंडून ऐकायला आवडते, आपण सांगितली तर इतिहासाचा तास होतो. आणि हा हत्ती झोपत नाही, लाईन नाही, फोटो हवे तेवढे काढा.

आता तुझे मिस्टर. ते ओरडले ते वाईटच, सहा वर्षांची मुलगी ते विसरलेली नाही असं समज. पण मला विचारशील तर त्यांच्याकडे त्या दिवशी पैसे देणं आणि घड्याळ बघणं सोडून काही कामच नव्हतं. डबा तू भरलास, छोट्याचे कपडे तू घेतलेस, पाणी, टोपी, सासूबाईंच्या गोळ्या सगळं तू, मुलं तुझ्या अंगावर, आणि ते मागून चालत होते. काम नसलेला माणूस लवकर कावतो. यावेळी एक मूल पूर्ण त्यांच्याकडे द्यायचं. पूर्ण म्हणजे शू-शीसकट. माझ्या मते छोटा द्यावा, कारण मोठी तशी तुझ्याशी बोलत बोलत चालेल. त्याची बॅग आदल्या रात्री त्यांनीच भरायची, दोन जोडी कपडे, डायपर लागत असेल तर तो, वाइप्स, पाण्याची बाटली, काय राहिलं ते तू सांगायचं नाही. राहिलं तर राहिलं, भायखळ्याला दुकानं आहेत. हे तुला जड जाईल मला माहितीये, दोनदा बॅग उघडून बघाविशी वाटेल, बघू नकोस.

आणि जायच्या आधी त्यांनी मुलीला एक वाक्य बोलायला हवं, की मागच्या वेळी मी ओरडलो, ते नको होतं. त्यांना जमत नसेल असं तोंडावर, तर निदान "मी तुला पेंग्विन दाखवायला नेतोय" हे त्यांनी स्वतः सांगायचं, तू सांगून उपयोग नाही.

खाण्याचं फार डोक्याला लावून घेऊ नकोस. निघताना पोटभर उपमा नाहीतर पोहे, पिशवीत दशम्या किंवा पोळीचे रोल, केळी, काकडी, खजूर, पाणी. मुरमुऱ्यांचा चिवडा वगैरे नको, पिशवी उघडली की कावळे येतात आणि अर्धा सांडतो. खायचं ते प्राण्यांपासून लांब, बाकावर बसून. गेटबाहेर फुगे, पिपाण्या, बुढ्ढी के बाल हे सगळं असणार, त्याचा सौदा घरीच करून टाक, प्रत्येकाला एकच वस्तू आणि ती बाहेर पडताना, आत जाताना नाही. आत जाताना घेतलेला फुगा पेंग्विनपर्यंत पोचत नाही आणि मग फुग्यासाठी रडारड.

हरवायची भीती असते ना गर्दीत, तर गेटवर शिरताना तिघांचा एक फोटो काढ, कोणी काय घातलंय ते दिसेल असा, म्हणजे वेळ आलीच तर आठवत बसायला नको. मोठ्या दोघांच्या हातावर पेनाने तुमचा नंबर. छोट्याच्या फ्रंट पॉकेटमध्ये चिठ्ठी. मुलीला सांग, आई दिसली नाही तर जिथे आहेस तिथेच उभी राहा आणि युनिफॉर्मवाल्या गार्डला हाक मार, शोधायला पळायचं नाही, शोधायचं काम आईचं.

बाराला बाहेर पडायचं म्हणजे पडायचं, मुलं "अजून थोडा वेळ" म्हणत असतानाच. दमून रडायला लागल्यावर निघायचं नसतं, त्याच्या आधी निघायचं असतं, हे तुला कोणी सांगणार नाही पण अर्धी लढाई तिथेच आहे. दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळते, छोटा ठाण्याच्या आधीच झोपेल.

नणंदेला पुढच्या वेळी बरोबर घ्या, आणि त्या वेळी ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जा, तुमच्याकडून जवळ पडतं, थंडीपासून ते साधारण मेपर्यंत असतात, पिंजरा नाही, काच नाही, तिलाही बोलायला काही उरणार नाही. ते नंतर.

आणि घरी आल्यावर स्वयंपाक तू करायचा नाहीयेस, हे आदल्या दिवशीच जाहीर करून टाक. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रांना काय तोटा आहे, स्टेशनवरून येतायेता मिस्टरांनी पोळ्या आणि एक भाजी घ्यावी, कुकरला वरणभात लावायला त्यांना येत नसेल तर सासूबाई बसल्या बसल्या सांगतील.